यमुनाबाईच्या अंगठ्याचा रंग

मी रंग बोलतोय. नखांना लावतात तो. पण साधा नव्हे. हे मोठेपणानं सांगत नाही. पुढचं सगळं त्यावरच येणार आहे म्हणून आधी सांगतो. ऊब मिळाली की मी सोलकढीसारखा फिका गुलाबी होतो. थंडी लागली की सुकवलेल्या कोकमाच्या सोलांसारखा काळपट जांभळा. यात माझी हुशारी काही नाही, घडणच तशी. गरम असेल त्याला गरम म्हणायचं, थंड असेल त्याला थंड म्हणायचं, एवढंच मी शिकलोय.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. मी राग विसरत नाही. माणसांना कामं असतात, विसरावं लागतं. मला बाटलीत बसून दुसरं काय काम?

जन्म कुठला ते मला नीट माहीत नाही. कुठल्याशा मोठ्या शहरातला कारखाना होता. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका रांगेनं बसलेल्या. त्यातल्या एकीनं माझ्या पोटात लोखंडाचा एक छोटा मणी टाकला. बाटली हलवली की मणी फिरतो आणि रंग ढवळला जातो. टक टक आवाज येतो. पुढं राग आला की मी तो मणी वाजवायचो. कुणाला ऐकू गेला नाही ते सोडा.

दोन हजार चार सालच्या माघात मी मालवणाकडच्या एका जत्रेत येऊन पोचलो. बांगड्या, पिना, टिकल्या आणि आम्ही. विकणारा बेळगावकडचा माणूस होता. दिवसभर पोरी यायच्या, लाल उचलायच्या, हसायच्या, ठेवून जायच्या. मग वर्षाली आली.

अठरा वर्षांची असेल. कणकवलीला दोन महिने पार्लरचं शिकून आली होती, त्यामुळे निवडायची तिची रीत वेगळी. बाटली उजेडात धरून बघितली. उलटी करून मणी किती सावकाश खाली येतो ते बघितलं. फार लगेच पडला तर रंग पातळ, अडकला तर जुना. ब्रशचे केस बोटानं फाकवून पाहिले. मग करंगळीच्या नखाला थोडा लावून तिथंच फुंकर मारत उभी राहिली.

रंग बदलणारे तीन होते त्या माणसाकडे. एक उन्हात गेलं की जांभळा व्हायचा. एक चमचमणारा, हात फिरवला की हिरवा नाहीतर निळा दिसायचा. आणि तिसरा मी.

"उन्हातलो नको," ती म्हणाली. "आये काळोखात बाजारात जाता आणि छपराखाली बसता. तिका तो कधी दिसतलो?"

"मग हा चमकीचा घ्या ताई."

"चमकी नको ओ. खवल्यांची चमक काय कमी आसा तिच्या हातार?"

मग त्या माणसानं शेजारच्या सोडावाल्याकडून बर्फाचा खडा आणला आणि तिच्या करंगळीला टेकवला. मी काळवंडलो. तिनं तोंडाची वाफ दिली. मी गुलाबी झालो. ती मोठ्यानं हसली.

"सकाळी थंड पाण्यात काळो, सांजेक चुलीम्होरं गुलाबी. एका बाटलेत आयेक दोन रंग. ह्योच दिया."

कुणासाठी मला घेतलं ते असं मला कळलं. मी त्या घटकेला यमुनाबाईचा झालो. लक्षात ठेवा हे. माझा सगळा राग इथून निघतो.

यमुनाबाई मालवणच्या बाजारात मासे विकायची. नवरा गुणाजी रापणीत होता. रापण म्हणजे पन्नास-साठ माणसांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मासा जिवंत वाळूवर येतो, तसाच पाटीत पडतो, तासाभरात बाजारात. यमुनाबाईचा बांगडा म्हणजे बर्फ न बघितलेला बांगडा, असं लोक डोळे मिटून म्हणायचे. बाजारात तिची तेवढीच इस्टेट. घर मातीचं, होडी दुसऱ्याची, पण तिनं "आजचां" म्हटलं की पुढं कुणी विचारत नसे.

हात मात्र बघण्यासारखे नव्हते. मिठानं चिरलेले, कोयतीचे जुने वण, नखांच्या कडेला खवले रुतलेले. उजव्या अंगठ्याचं नख तर मधोमध दुमडल्यासारखं. माशाचे कल्ले उघडून दाखवताना तोच अंगठा आत जायचा, वीस-पंचवीस वर्षं.

वर्षालीनं तिला ओट्यावर बसवलं. गरम पाण्यात मीठ आणि लिंबू पिळून दोन्ही हात बुडवले. 

"माका काय पातेल्यात शिजवतंस?" यमुनाबाई म्हणाली.

"गप बस गो आये. नखां मऊ होवक व्हयी."

"माशे विकणाऱ्या हाताक रंग! बांगडे हसतले माका."

"हसांदेत. हसलेले बांगडे लवकर खपतत."

यमुनाबाई हसली, पण हात काढले नाहीत. मुलीनं एकेक नख कापलं, काडीनं खवले काढले, कडा घासून गोल केल्या, खोबरेल चोळून पुसून घेतलं. अर्धा तास गेला असेल. अशी निगा त्या हातांची जन्मात कुणी केली नव्हती. मग झाकण उघडलं. पहिला उजवा अंगठा. माझा ब्रश त्या नखापासून बोटभर अंतरावर होता.

तेवढ्यात दारात नर्मदा आली.

नर्मदा म्हणजे शेजारीण, बाजारातही शेजारीच बसणारी. आली की आधी नजर घरभर फिरवायची. कोपऱ्यात बर्फाची पेटी होती, उरलेला मासा घरच्यांसाठी ठेवायला. तिच्यावर तिची नजर जरा जास्त थांबली. मग माझ्यावर आली.

"अगो बाय माझे! यमुने, तुझां लगीन ठरलां काय?"

"पोरीची हौस गो."

नर्मदेनं वर्षालीच्या हातून मला अलगद घेतलं. "ब्येस रंग आसा. माझ्या भाचयेचां लगीन आसा परवा. माका दी. उद्या हाडून दितंय."

"मावशे, आयेक अजून लावक नाय," वर्षाली म्हणाली.

यमुनाबाईनं ओले हात पदराला पुसले. "ने गो. माझ्या हातार काय शोभतलो? ने."

बोटभर अंतर. तेवढ्यावरून मी परत फिरलो. नर्मदेवर तर मी त्या दिवशी दात धरलाच. पण खरं सांगतो, "ने गो" म्हणणारीवरही थोडा धरला.

तो 'उद्या' आलाच नाही. भाचीचं लग्न झालं, चैत्र गेला. वर्षालीनं दोनदा मागितलं. एकदा "संपलो तो," एकदा "सापडणा नाय गो." मी नर्मदेच्या फळीवर रॉकेलच्या बाटलीशेजारी होतो. झाकण नीट लावायची नाही. काल लावलेला रंग आज कोयतीच्या टोकानं खरवडायची, नखातली घाण तशीच ठेवून वर मला फासायची. मी मणी वाजवत राहिलो. म्हटलं, बाई, मला घाई नाही. तुझा दिवस येईल.

बाजारात काय चाललंय ते मला तिच्या नखांवर बसूनच कळत होतं. नर्मदा रापणीचा मासा घेत नसे. भल्या सकाळी बाहेरगावचा ट्रक यायचा, त्यातला दोन-तीन दिवसांचा बर्फातला मासा घ्यायची. समुद्रावर नेऊन खाऱ्या पाण्यात धुवायची. मग वर ओली वाळू भुरभुरवायची, हातानं चोळायची. वाळू लागलेला मासा म्हणजे रापणीचा, आत्ता ओढलेला, असंच सगळे समजतात. वरून मासा कोमट. आत, कल्ल्यांच्या मागं, बर्फ अजून बसलेला.

ते मला कळायचं ना. बोट आत गेलं की मी काळा व्हायचो.

नर्मदेनं ते बघितलं होतं. पण का होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मागून नेलेल्या वस्तूचं असंच होतं, वस्तू येते, तिची रीत येत नाही. तिनं आपल्या मनानं अर्थ लावला. माशाला हात लावला की रंग चढतो, म्हणजे हाताला लक्ष्मी आहे. बाटली कनवटीला लावून बाजारभर नखं दाखवत फिरायची. "बघ गो, घरात फिको, पाटयेत हात घातलंय काय भरान येता!" बायका तोंडात बोट घालायच्या. एकीनं तर तिच्याकडून पाटीला हात लावून घेतला, बरकत यावी म्हणून. मी गप्प. तिला मिरवू दिलं. जितकं उंच चढेल तितकं मला हवंच होतं.

आणि तिनं दुसरी गोष्ट केली. तिथं माझा राग घट्ट झाला.

गुरुदास नावाचा एक खानावळवाला होता. पर्यटकांचं येणं वाढलं तशी त्याची खानावळ मोठी झाली होती. रोजचा सगळा मासा तो यमुनाबाईकडून घ्यायचा. पांढरा शर्ट, हात स्वच्छ; माशाला स्वतः कधी बोट लावत नसे, विकणारीनं कल्ले उघडायचे आणि यानं वाकून लाल आहेत का बघायचं. नर्मदेनं त्याला हळूच सांगितलं, "यमुनेच्या घरात बर्फाची पेटी आसा. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. रापणीचां म्हणता आणि पेटयेतलां घालता."

पेटी होती, हे खरंच होतं. अर्ध्या खऱ्यावर अर्धं खोटं बसवलं की ते हलत नाही. गुरुदास यमुनाबाईसमोर उभा राहिला. "माझ्याकडे पुण्या-मुंबयची माणसां येतत ओ. माका नाव घालवन चालणा नाय."

"माझो मासो बर्फातलो न्हय, गुरुदासा. देवीची आण."

"मगे घरात पेटी कशाक?"

ती सांगायला गेली, पण तो नर्मदेच्या पाटीकडे वळला होता. त्याच्यामागं बाकीची गिऱ्हाइकंही कुजबुजायला लागली. यमुनाबाईचा जिवंत बांगडा दुपारपर्यंत पाटीत पडून राहायचा आणि संध्याकाळी मीठ लावून सुकत पडायचा. पंचवीस वर्षांत तिला "आजचां" दोनदा म्हणावं लागलं नव्हतं. आता दहादा म्हणायची आणि माणसं मान हलवून पुढं जायची. शेवटी शेवटी ती म्हणायचीच नाही. हे सगळं मी शेजारच्या पाटीवरून बघत होतो. जिच्यासाठी मला घेतलं, तिचं नाव बुडवणाऱ्या हातावर बसून.

वैशाखातली एक सकाळ. ऊन असं, की सावलीतली फरशीही तापलेली. वर्षाली आईसाठी चहाची किटली घेऊन आली. बसता बसता तिची नजर नर्मदेच्या बोटांवर गेली. तिनं मला ओळखलं. मीही तिला.

"मावशे, रंग खंयचो गो?"

"भाचयेन धाडल्यान मुंबयसून."

वर्षालीनं किटली खाली ठेवली. ती आता नर्मदेच्या बोटांकडे नव्हे, बोटं कुठं जातात तिकडे बघत होती. आणि तेवढ्यात गुरुदास आला.

"येवा गुरुदासशेट!" नर्मदेनं बांगडा उचलून कल्ल्यात अंगठा घातला. "आत्ताचे. वाळू बघा, अजून सुकाक नाय. आणि माझी नखां बघा! माशाक हात लावलंय काय रंग चढता. लक्ष्मी आसा हाताक."

मी काळाकुट्ट झालो होतो. जेवढा होता येईल तेवढा.

"मावशे," वर्षाली अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमच्या बांगड्याक लाव बघू हात. आमच्या पाटयेत लक्ष्मी आसा काय बघूया."

नर्मदेला हवंच होतं. तिनं हात वर धरून सगळ्यांना दाखवला, मी गुलाबी होईपर्यंत थांबली, आणि यमुनाबाईच्या बांगड्याच्या कल्ल्यात अंगठा घातला. सगळे वाकून बघायला लागले.

मी गुलाबीच राहिलो.

"बघलास? फिको तो फिकोच!" नर्मदा टाळी वाजवत म्हणाली. "मेल्या पाटयेत दळिद्र आसा. मी काय खोटां बोलतंय?"

लोक हसले. यमुनाबाईनं मान खाली घातली. "वर्षा, घराक चल."

"थांब गो आये."

ती उठून बाजाराच्या तोंडावरच्या सरबतवाल्याकडे गेली आणि ओढणीच्या टोकात बर्फाचा खडा घेऊन आली. तो तिनं नर्मदेपुढं धरला.

"आता ह्याका हात लाव."

"बर्फाक? तां कशाक?"

"लक्ष्मी आसा काय बघूया."

"लाव गो, लाव," कुणीतरी मागून म्हणालं. आता हात मागं घेणं तिला जड गेलं. तिनं बोट टेकवलं.

मी काळा झालो. सगळ्यांसमोर, सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत.

वर्षालीनं गरम चहाचा पेला तिच्या हातात दिला. मी गुलाबी झालो. पेला काढून पुन्हा बर्फ. काळा.  वर्षालीला बोलायची गरज नव्हती, मी बोलत होतो.

गुरुदास पुढं आला. मग त्या माणसानं पांढऱ्या शर्टाची बाही वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं बोट माशाच्या कल्ल्यात घातलं. आधी नर्मदेच्या. मग यमुनाबाईच्या. मग पुन्हा नर्मदेच्या. बोटाला लागलेली वाळू त्यानं चोळून बघितली.

"नर्मदाबाय," तो म्हणाला, "ह्यो रापणीचो मां?"

मागून एक म्हातारा ओरडला, "नर्मदे, तुझी लक्ष्मी बर्फाच्या फॅक्टरीत रवता काय गो!"

काय हसला तो बाजार! छपरावरचे कावळे उडाले. नर्मदेनं कनवटीची बाटली काढली आणि मला यमुनाबाईच्या पाटीत आपटलं. "घे तुझो मेलो रंग! चेडो मेलो माका बुडवक इलेलो!" मी फुटलो नाही. बांगड्यांवर पडलो, त्यांच्या अंगाच्या उबेत. पोटातला मणी टक टक टक वाजत होता, आणि त्या दिवशी मला वाटलं, साऱ्या मालवणनं तो ऐकला.

सूड गोड असतो, कुणी काही म्हणो. पुढं वर्षभर नर्मदा भाव सांगायला लागली की कुणीतरी म्हणायचं, "आधी हात दाखव." शेवटी ती पायऱ्यांच्या टोकाला जाऊन सुकं विकायला बसली. सुक्याला बर्फ लागत नाही. मी रोज तिच्याकडे बघायचो. एकदा ती एकटीच बसून बोटांच्या चिरांना खोबरेल लावत होती. हात तंतोतंत यमुनाबाईसारखेच. त्या दिवशी मणी वाजवला नाही. एकच दिवस.

गुरुदास परत आला, बाकीचेही आले. यमुनाबाईनं "आजचां" म्हटलं की पुन्हा पुढचा प्रश्न नाही. वर्षाली दहा नखांना मला लावून आईशेजारी मासे कापायला बसू लागली. लोक माशाआधी तिची नखं बघायचे आणि गुलाबी दिसली की हसून पिशवी पुढं करायचे.

पण मी यमुनाबाईच्या हातावर आलो नाही. पोरगी ब्रश घेऊन गेली की ती म्हणायची, "तुझ्याच हातार बरो दिसता." मी थांबलो. थांबणं मला येतं.

मग दोन हजार पाचचा श्रावण आला. नारळी पौर्णिमा झाली तरी समुद्र खवळलेलाच; रापण लागेना. आणि गुरुदासानं सांगून ठेवलं होतं, "उद्या चाळीस माणसां येतली. काय पण करा, पण ताजोच मासो व्हयो. नायतर माका दुसरीकडे बघूक व्हया." यमुनाबाईला रात्री झोप नसावी. सकाळी ती वर्षालीला घेऊन गेली ती समुद्रावर नाही. ट्रकावर गेली.

पाटी भरली. समुद्रावर थांबून तिनं मासा खाऱ्या पाण्यात धुतला. आणि वाकून मूठभर वाळू उचलली. वर्षाली बघत राहिली. मीही.

गुरुदास आला. "आजचां मां?"

"आजचां," यमुनाबाई म्हणाली.

वर्षालीचे हात पाटीत होते. मी काळा होत होतो, दहाच्या दहा नखांवर. मला दुसरं काय येतं? ती नर्मदेची पाटी असो की हिची, थंड ते थंड. गुरुदासानं वाकून बघण्याआधी वर्षालीनं हात बाहेर काढले आणि दोन्ही मुठी मिटून ओढणीखाली नेल्या. अंगठे आत, बोटं वर. मी तिच्या तळव्यात कोंडला गेलो.

गुरुदास हसला. "तुमच्या शब्दापुढं काय बघूचां?" मासा घेऊन गेला.

त्या संध्याकाळी वर्षालीनं कापसानं मला पुसलं. नख लाल होईपर्यंत घासलं. बाटली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली, सुया आणि फुटक्या बांगड्यांत, आणि डबा माळ्यावर गेला.

पाच वर्षं मी तिथं होतो. घट्ट होत गेलो. मणी सावकाश झाला, मग अडकला. आणि एकच विचार घोळवत राहिलो. नर्मदेनं खोटं केलं, पण मला न समजून मिरवलं तरी. या दोघींनी मला समजून झाकलं. कुणाचं माप मोठं? मला विचाराल तर झाकणाऱ्यांचं. नर्मदेचं मी एका सकाळीत फेडलं होतं. यांचं कसं फेडू, तेवढं सुचत नव्हतं. मला अंगठा हवा होता, आणि अंगठा मिळाला की भर बाजारात तिला उघडी पाडायचं, हेच मनात होतं; आता सांगायला लाज वाटते.

दोन हजार दहामध्ये वर्षालीचं लग्न ठरलं, कणकवलीत. लग्नाआधी आठ दिवस ती माळा आवरत होती. डबा उघडला. मला हातात घेऊन ती तशीच खाली बसली. मग उठून वाटीत गरम पाणी आणलं, मला त्यात उभं केलं, दोन थेंब रिमूव्हरचे टाकले, तळव्यांत धरून फिरवलं. बऱ्याच वेळानं मणी सुटला. टक.

आवाज ऐकून यमुनाबाई चुलीकडून आली.

"तोच मां ह्यो?"

"तोच. तळाक थोडोसो रवलो. टाकून देव?"

यमुनाबाई ओट्यावर बसली. स्वतःच लिंबू कापलं, पातेल्यात पिळलं आणि हात बुडवले. सहा वर्षांपूर्वी बसली होती तशीच, तिथंच. केस पांढरे झाले होते एवढंच.

"किती बोटांक पुरात?"

"एकाच."

"मगे आंगठ्याक लाव. कल्ल्यात तोच जाता."

वर्षालीचा हात थांबला.

"त्या दिवशी तू मूठ झाकलंस," यमुनाबाई पाण्याकडे बघत म्हणाली. "तुका वाटलां आसात, माका दिसाक नाय. माका दिसलां. तेच्या आधी नर्मदेक मी काय काय बोललंय, तां आठावलां. पाच वर्सां आठावता गो. लाव."

"आये, लोक बघतले."

"बघांदेत. बघूकच लावतंय."

ब्रश आला. बोटभर अंतर होतं, ते सरलं. त्या दुमडलेल्या, चिरलेल्या नखावर मी बसलो.  वर्षालीला दोनदा पुसून लावावा लागला.

हळदीला नर्मदा आली होती. तिनं अंगठा बघितला, मला ओळखलं, आणि यमुनाबाईच्या कानाशी म्हणाली, "सांबाळून गो. ह्यो मेलो कोणाचो न्हय." दोघी हसल्या. म्हाताऱ्या झाल्यावर माणसं कशालाही हसतात.

लेक सासरी गेल्यावर यमुनाबाई बाजारात बसली. पहिल्याच दिवशी गुरुदास आला. "आजचां मां?"

तिनं एका पाटीतला बांगडा उचलला, अंगठा आत घातला, बाहेर काढून बघितला. गुलाबी. "ह्यां आजचां." मग दुसऱ्या पाटीतली सुरमई उचलली. अंगठा आत, बाहेर. काळा. मूठ मिटली नाही. तो अंगठा तिनं गुरुदासाच्या तोंडासमोर धरला. "ह्यां परवाचां. ट्रकातलां. आणि पाच वर्सांम्हागं श्रावणात चाळीस माणसां जेवली तुझ्याकडे, तांय ट्रकातलां होतां. आता घेतलंस तर घे, नायतर जा."

गुरुदास उभा राहिला. पुढच्या बाईची पाटी बघितली, परत फिरला. त्या दिवशी त्यानं काहीच घेतलं नाही. तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि पहिल्या पाटीतला घेतला. दुसरीला हात लावला नाही.  तसंच चाललंय अजून.

बाजारात मी नखावर सहा दिवस टिकलो. खारं पाणी, वाळू, कोयती. कडेपासून निघत गेलो. आता नखावर काही नाही आणि बाटलीतही काही नाही. रिकामी बाटली तिच्या पानाच्या चंचीत असते, सुपारीशेजारी. ती उठली-बसली की मणी वाजतो. आतून बोलतो तो मी.

ऐका, मालवणात आलात आणि छपराखाली दोन पाट्या घेऊन बसलेली म्हातारी दिसली, तर भाव नंतर विचारा. आधी म्हणा, "आजचां मां?" आणि मग तिच्याकडे बघा. ती मासा उचलेल, अंगठा कल्ल्यात घालेल, बाहेर काढेल, आणि उत्तर देण्याआधी त्या कोऱ्या नखाकडे क्षणभर टक लावून बघेल.

तिथं मी नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी बघते. रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्रत्येक माशाला.

नर्मदेवरचा माझा सूड एका सकाळीत संपला. हा चालू आहे.